अमोनियसचे ऋण

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावर लिहिलेल्या एका भाष्याशी आमची ओळख करून देण्यात आली होती. त्या भाष्यात मधूनमधून एक नाव येते : अमोनियस. संत थॉमस कधी त्याचे मत स्वीकारतात, कधी त्याला स्वतःच्या मताची जोड देतात आणि पुढे जातात. परीक्षेच्या दृष्टीने त्या नावाला महत्त्व नव्हते. पुढे धर्मग्रामात सेवा करताना लोकांनी विचारलेल्या एका प्रश्नाने मला पुन्हा त्या भाष्याकडे वळवले आणि त्या खेपेस मी नावामागच्या माणसाचा शोध घेऊ लागलो. तो भेटला तेव्हा ध्यानात आले, की त्याचे चरित्र हा केवळ विद्वानांचा विषय नाही. त्यात एक विधवा आई आहे, तिने मागे ठेवलेले कर्ज आहे, एक शाळा आहे, सत्ताधाऱ्यांशी केलेली तडजोड आहे आणि दुःखाच्या घरी हमखास विचारला जाणारा तो प्रश्नही आहे. म्हणून आपल्या वाचकांना त्याची ओळख करून द्यावीशी वाटते.

अमोनियसचा जन्म पाचव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात झाला. ख्रिस्तसभेच्या इतिहासात हे शहर आपण संत अथानासियस व संत सिरिल यांचे शहर म्हणून ओळखतो. ओरिजेनने अध्यापन केले तेही येथेच. तथापि त्याच शहरात प्लेटो आणि अॅरिस्टॉटल यांच्या विद्येची जुनी परंपराही नांदत होती. अमोनियसचे घराणे या दुसऱ्या परंपरेतले, ग्रीक देवतांची उपासना करणारे होते.

वडिलांचे नाव हर्मियास. त्यांनी अथेन्सला जाऊन सिरियानस या थोर आचार्यांच्या चरणी शिक्षण घेतले होते. पुढे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तो प्रोक्लस हा हर्मियासचा सहाध्यायी. हर्मियासला प्रोक्लसची प्रतिभा लाभली नव्हती. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादावरचे त्याचे भाष्य आज उपलब्ध आहे, तेही मुख्यतः गुरूच्या व्याख्यानांवर आधारलेले आहे. परंतु त्याच्या सचोटीची एक आठवण त्या काळच्या लेखकाने नोंदवून ठेवली आहे. कोणी अजाण विक्रेता मौल्यवान ग्रंथ अल्प किमतीला देऊ लागला, तर हर्मियास स्वतःच त्याची चूक दाखवून देई आणि योग्य ते मूल्य मोजून ग्रंथ घेई. स्वस्तात मिळाले म्हणून आनंद मानण्याऐवजी समोरच्याचे नुकसान होत आहे याची बोचणी लागणे, ही सचोटी बाजारात क्वचितच दिसते.

आई एडेसिया ही सिरियानस यांच्या नात्यातली. तिचा विवाह प्रोक्लसशी व्हावा असे सिरियानस यांच्या मनात होते. प्रोक्लस अविवाहित राहिला आणि एडेसिया हर्मियासची पत्नी झाली. त्यांना अमोनियस आणि हेलिओडोरस हे दोन पुत्र झाले. मुले लहान असतानाच हर्मियासचे निधन झाले. शिक्षक म्हणून त्याला सार्वजनिक कोशातून वेतन मिळत असे. एडेसियाने खटपट करून ते वेतन, मुले स्वतः तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला लागेपर्यंत, घरात चालू ठेवले. असा मान त्यापूर्वी कोणा स्त्रीला अथवा पुरुषाला लाभला नव्हता, असे तो लेखक कौतुकाने सांगतो.

वेतन मिळाले म्हणून घरात सुबत्ता आली असे मात्र नाही. एडेसियाचा हात देण्यासाठी सदैव पुढे असे. नवऱ्याच्या हयातीत जेवढा दानधर्म चाले तेवढाच तिने वैधव्यातही चालू ठेवला. ऐपत संपली तरी गरजवंताला विन्मुख पाठवायचे नाही, हा तिचा नेम. परिणाम व्हायचा तोच झाला. मुलांच्या वाट्याला वडिलोपार्जित संपत्तीऐवजी कर्ज आले. लोकांनी तिला नावे ठेवली. पोरांच्या तोंडचा घास परक्यांना भरवते, असेही कुणी म्हटले असेल. तिची धारणा अशी होती, की चांगल्या आणि गरजू माणसांना आनंदाने देणे हीच पुढच्या आशेची खरी ठेव आहे. ही बाई ख्रिस्ती नव्हती. तरीही मंदिराच्या दानपेटीत आपल्याजवळचे सारे काही टाकणारी शुभवर्तमानातील विधवा आठवल्यावाचून राहत नाही.

कर्ज डोक्यावर असतानाही तिने एक गोष्ट सोडली नाही. दोन्ही मुलांना घेऊन ती समुद्र ओलांडून अथेन्सला गेली आणि त्यांना प्रोक्लसच्या हाती सोपवले. मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याकडच्या आयांनी गहाण टाकलेल्या बांगड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रवासाचे मोल निराळे सांगावयास नको.

शिक्षण पूर्ण करून दोघे भाऊ अलेक्झांड्रियाला परतले आणि अमोनियस अध्यापन करू लागला. त्या शहराच्या मध्यभागी, कोम एल-दिक्का या ठिकाणी, पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात सुमारे वीस व्याख्यानगृहे सापडली आहेत. ती पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकापर्यंतच्या काळातली आहेत. आयताकृती दालन, भिंतींच्या कडेने पायऱ्यांसारखी दगडी आसने आणि टोकाशी उंचावर आचार्यांची बैठक, अशी त्यांची रचना. अशाच एखाद्या दालनात अमोनियसचे वर्ग भरत असावेत.

त्याची शिकवण्याची रीत अत्यंत शिस्तबद्ध होती. प्रथम पॉर्फिरीचे छोटे प्रवेशपुस्तक, मग अॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र, नंतर इतर ग्रंथ. अॅरिस्टॉटलला हात घालण्यापूर्वी दहा प्राथमिक प्रश्नांचा विचार होई. त्यांतला एक प्रश्न असा, की या आचार्याने इतके दुर्बोध का लिहिले? यावर अमोनियसने दिलेले उत्तर मार्मिक आहे. देवळात पडदा असतो तो जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाच्याही नजरेस सर्व पडू नये म्हणून. तशी ही दुर्बोधता आहे, तिच्यामुळे प्रामाणिक विद्यार्थी आपली बुद्धी अधिक ताणतो. दुसरा प्रश्न भाष्यकार कसा असावा याविषयी होता. ज्याच्यावर भाष्य करायचे त्याचे चुकलेलेही प्रेमापोटी बरोबर म्हणू नये, त्याचे वाक्य देववाणी समजून मान डोलावू नये. पारखून घ्यावे, असे तो शिकवी. प्रवचनाच्या तयारीला बसताना हा उपदेश मला पुष्कळदा उपयोगी पडला आहे. ग्रंथावर प्रेम असणे निराळे आणि ग्रंथाच्या आड स्वतःचा आळस लपवणे निराळे.

अमोनियसने स्वतः फार थोडे लिहिले. त्याने स्वतः लिहिलेले म्हणून जे भाष्य आज हाती आहे ते एकच, अॅरिस्टॉटलच्या विधानविषयक ग्रंथावरचे. बाकी सारे विद्यार्थ्यांच्या टिपणांतून उतरले आहे. त्या ग्रंथांच्या शीर्षकांत ‘अमोनियसच्या वाणीतून’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द आढळतात. आस्क्लेपियस, फिलोपोनस, सिम्प्लिकियस, ऑलिंपिओडोरस, दमास्कियस हे सारे त्याचे विद्यार्थी. कोणी ख्रिस्ती, कोणी जुन्या धर्माचे. पुढे यांच्यात तीव्र वादही झाले, परंतु सर्वांची पाटी एका हाताने गिरवून घेतलेली होती.

तो आकाशाचाही अभ्यासक होता. इ. स. 503च्या 21 फेब्रुवारीला अमोनियस आणि हेलिओडोरस या भावांनी मिळून चंद्र आणि शनी यांच्या युतीची नोंद केली. ती नोंद आजही टिकून आहे. सिम्प्लिकियस सांगतो, की आपल्या देखत गुरुजींनी वेधयंत्राने स्वाती नक्षत्राचे स्थान मोजले आणि टॉलेमीच्या काळापासून ते किती सरकले याचा हिशेब केला. कर्ज काढून शिकवलेली एडेसियाची दोन्ही मुले उतारवयात गच्चीवर शेजारी शेजारी उभी राहून चंद्र पाहत आहेत, हे चित्र मला फार आवडते.

आता त्याच्या आयुष्यातल्या अवघड प्रकरणाकडे वळले पाहिजे.

त्या काळी ख्रिस्तसभा छळ सोसणारी राहिली नव्हती. राजसत्ता तिच्या पाठीशी उभी होती. इ. स. 415मध्ये याच शहरात हिपेशिया या विदुषीची ख्रिस्ती जमावाने निर्घृण हत्या केली होती. ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी खाली मान घालूनच वाचली पाहिजे. अमोनियसच्या काळी ख्रिस्तसभेतही फूट होती. इ. स. 451च्या खाल्सेदोन येथील धर्मपरिषदेनंतर इजिप्तमधील ख्रिस्ती समाज दुभंगला होता आणि सम्राट झेनो याने 482 साली काढलेल्या ऐक्याच्या आज्ञापत्राने ती जखम भरली नव्हती. त्यातच 484मध्ये इल्लस या सेनापतीने सम्राटाविरुद्ध बंड केले. पाम्प्रेपियस नावाचा जुन्या धर्माचा एक कवी त्याचा सल्लागार होता. बंडाच्या निमित्ताने संशयाची सुई अलेक्झांड्रियातील तत्त्वज्ञांकडे वळली. राजधानीहून निकोमीडिस नावाचा अधिकारी चौकशीसाठी आला. धरपकड झाली. होरापोलो या शिक्षकाला पकडून त्याचे हाल करण्यात आले. काही जण लपले, काही शहर सोडून पळाले. पळालेल्यांत दमास्कियस होता.

अमोनियस पळाला नाही. त्याने अलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्षांशी समझोता केला आणि त्याची शाळा चालू राहिली.

दमास्कियसने पुढे आपल्या गुरूच्या चरित्रग्रंथात या समझोत्याविषयी अत्यंत कडवट शब्दांत लिहिले. अमोनियस हा हलका आणि धनलोभी मनुष्य, सगळीकडे पैशाचा विचार करणारा, म्हणून त्याने हा करार केला, असा त्याचा आरोप आहे. कराराच्या अटी तो सांगत नाही. तो मूळ ग्रंथ संपूर्ण उरलेला नाही; नवव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलचे ख्रिस्ती महाधर्माध्यक्ष फोटियस यांनी काढून ठेवलेल्या उताऱ्यांमुळे आणि दहाव्या शतकातील एका ज्ञानकोशामुळे त्याचे तुकडे आपल्याला वाचता येतात. हर्मियासच्या सचोटीची आणि एडेसियाच्या औदार्याची हकिकतही याच दमास्कियसने लिहिली आहे. किंबहुना एडेसियाच्या अंत्यविधीच्या वेळी तिच्या गौरवाचे काव्य म्हणणारा कोवळा तरुण तोच होता. आईची थोरवी गाणाऱ्याने मुलाला लोभी म्हटले आणि मुलाला कर्जात टाकले ते आईच्या थोरवीने, हेही त्यानेच लिहून ठेवले. या दोन नोंदी मात्र त्याने एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

मी ठेवून पाहतो. ज्याच्या घरी सावकार येत होता तो मनुष्य वेतनाचा विचार करतो, यात नवल ते काय? आईने दिलेल्या प्रत्येक घासाचा हिशेब कुणाला तरी चुकता करावा लागतो. औदार्याची कीर्ती देणाऱ्याला मिळते आणि फेडीचा बोल पुढच्या पिढीला लागतो. आपल्या कुटुंबांतही हे घडते. घरातला एक जण समाजासाठी झिजतो, त्याचे फोटो लागतात. त्याच्यामागे घर सांभाळणाऱ्या भावाला मात्र लोक चिक्कू म्हणतात. त्या भावाविषयी चार चांगले शब्द बोलण्याची संधी धर्मगुरूला बहुधा त्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनातच मिळते.

यावर कोणी म्हणेल, की गरिबी ही तडजोडीची सबब होऊ शकत नाही. बरोबर आहे. ज्यांनी हाल सोसले, मायदेश सोडला, त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. आपली ख्रिस्तसभा तर रक्तसाक्ष्यांच्या रक्तावर उभी आहे; न वाकणाऱ्यांचे मोल आपण जाणत नसू तर कोण जाणणार? परंतु वाकलेला प्रत्येक जण विकला गेलेला असतो असे नाही. त्याने काय वाचवले तेही पाहावे लागते. अथेन्सची शाळा ताठ राहिली. सम्राट जस्टिनियन याने 529मध्ये तेथील अध्यापन बंद पाडले. दमास्कियस, सिम्प्लिकियस आणि त्यांचे पाच सहकारी इराणच्या खुस्रो राजाच्या आश्रयाला गेले, तेथे रमले नाहीत आणि 532च्या तहानंतर परतले. अलेक्झांड्रियाची शाळा मात्र चालू राहिली. अमोनियसचा शिष्य ऑलिंपिओडोरस, जो ख्रिस्ती नव्हता, तो 565मध्येही तेथे व्याख्याने देत होता. त्याच्यानंतर ती गादी ख्रिस्ती शिक्षकांकडे आली. तेथील विद्या सिरियाक आणि अरबी भाषांत गेली आणि तेथून फिरून युरोपात आली. दमास्कियसलाही अखेर एक गोष्ट नाकारता आली नाही : अमोनियस अत्यंत कष्टाळू होता आणि भाष्यकारांमध्ये त्याच्याइतका उपयोग कोणाचा झाला नाही, असे त्याने लिहून ठेवले. ज्याला लोभी म्हटले त्याच्याजवळच तो टॉलेमीचे ज्योतिष शिकला होता.

विरुद्ध बाजूचे एक चित्रही आहे. झकारियस नावाचा एक ख्रिस्ती तरुण त्या काळी अलेक्झांड्रियात शिकत होता. पुढे तो मिटिलिनीचा धर्माध्यक्ष झाला. त्याने ‘अमोनियस’ याच नावाचा एक संवाद लिहिला. विश्व अनादि आहे की देवाने निर्माण केले, हा त्याचा विषय. त्यात ख्रिस्ती विद्यार्थी भर वर्गात आचार्यांना प्रश्न विचारतो आणि शेवटी अमोनियस निरुत्तर होतो. विश्व देवाने निर्मिले या श्रद्धेत मी झकारियसच्या बाजूचा आहे. पण तो संवाद वाचताना मन पूर्णपणे प्रसन्न होत नाही. लेखणी आपल्या हाती असली की प्रतिपक्षाला गप्प करणे सोपे असते. प्रत्यक्ष वर्गात काय घडले असेल ते असो; निदान एवढे खरे, की त्या शिक्षकाने अशा विद्यार्थ्यांना वर्गात बसू दिले आणि प्रश्न विचारू दिले.

खरे उत्तर दिले ते दुसऱ्या एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने. त्याचे नाव योहान, उपनाम फिलोपोनस, म्हणजे कष्टप्रेमी. त्याने वर्षानुवर्षे बसून अमोनियसची व्याख्याने लिहून घेतली, ती स्वतःच्या टीपांसह प्रसिद्ध केली आणि 529मध्ये प्रोक्लसच्या मताचे खंडन करणारा, विश्व अनादि नाही असे सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला. फेकलेली वस्तू हातातून सुटल्यावरही पुढे का जाते, याविषयी त्याने अॅरिस्टॉटलहून वेगळा विचार मांडला. शतकांनंतर गॅलिलिओनेही त्याचे नाव घेतले. गुरूचे चुकलेलेही प्रेमापोटी बरोबर म्हणू नये, हा अमोनियसचा धडा त्याच्या शिष्याने त्याच्याच परंपरेला लावून दाखवला. शिक्षकाला याहून मोठी दक्षिणा ती कोणती?

आता तो प्रश्न, ज्यासाठी मी अमोनियसकडे गेलो.

काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातील एक तरुण सकाळी कामावर जाण्यासाठी मोटारसायकलवरून निघाला आणि रस्त्यातच गेला. अंत्यविधीच्या वेळी त्याची आई काही बोलली नाही. महिन्याच्या मिस्सेनंतर ती सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “फादर, देवाला ठाऊकच होतं ना, तो परत येणार नाही म्हणून? मग त्या दिवशी सकाळी मी त्याच्यासाठी रोझरी केली, ती कशासाठी?”

आपल्याकडे अशा वेळी लोक म्हणतात, त्याचे दिवस भरले होते. कपाळी लिहिलेले कुणाला चुकत नाही. ख्रिस्ती घरांतही सर्रास म्हणतात. सांत्वनासाठीच म्हणतात. पण त्या आईच्या अंतःकरणात त्या वाक्याचा अर्थ काय होत होता? लिहिलेले होते, म्हणजे कुणीतरी लिहिले. ज्याच्यापुढे तिने सकाळी गुडघे टेकले त्यानेच आदल्या रात्री ते लिहून ठेवले होते. असा देव मानणे हे दुःखाहून अधिक भयंकर आहे.

अॅरिस्टॉटलने हा प्रश्न एका उदाहरणाने मांडला होता : उद्या समुद्रावर लढाई होईल, हे विधान आजच खरे किंवा खोटे असेल, तर उद्याची लढाई टळणार कशी? अमोनियस आपल्या भाष्यात त्याला शेतातले एक जुने कोडे जोडतो. तू कापणी करणार असशील, तर करशीलच. करणार नसशील, तर नाहीच. मग ‘कदाचित’ या शब्दाला जागा उरली कुठे? यावर तो प्रथम साधे उत्तर देतो. ‘तू कापणी करणार’ हे गृहीत धरतानाच तू ते अटळ म्हणून धरले असशील, तर जे सिद्ध करायचे तेच तू आधी मानून घेतलेस. आणि अटळ म्हणून धरले नसशील, तर ‘कदाचित’ शिल्लकच आहे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड, हे तो कबूल करतो. देवांना सर्व ठाऊक असते. मग ते अटळ नव्हे काय? येथे तो इयाम्ब्लिकस या पूर्वसूरीचा आधार घेऊन म्हणतो, की ज्ञानाचे स्वरूप ज्ञात वस्तूवर नव्हे, जाणणाऱ्यावर अवलंबून असते. आपल्याला जे अनिश्चित, ते देवांना निश्चितपणे ठाऊक असते. पण त्यामुळे ती गोष्ट स्वतः अटळ बनत नाही. कारण देवांना भूत नाही, भविष्य नाही. त्यांच्यापुढे सर्व काही वर्तमान आहे. याच सूत्राचा आधार अमोनियसच्या समकालीन बोएथियसने 524च्या सुमारास तुरुंगात मृत्यूची वाट पाहत असताना घेतला. फ्लँडर्सचे डोमिनिकन धर्मगुरू विल्यम ऑफ मोरबेके यांनी 12 सप्टेंबर 1268 रोजी, इटलीतील विटर्बो येथे, अमोनियसच्या भाष्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. दोन-तीन वर्षांतच संत थॉमस यांनी ते समोर ठेवून आपले भाष्य लिहावयास घेतले. त्यात ते एका उंच बुरुजाचा दृष्टांत देतात. वाटेने चालणाऱ्याला आपल्या मागून येणारे दिसत नाहीत. बुरुजावर उभा असलेला मात्र सारी वाट एकाच वेळी पाहतो. परंतु त्याच्या पाहण्याने कोणाचेही पाऊल पुढे ढकलले जात नाही.

त्या आईला मी अमोनियसचे नाव सांगितले नाही. आम्ही चर्चच्या मागच्या बाकावर बराच वेळ बसलो. मी एवढेच म्हणालो, “बाय, देवाने ते लिहिलं नव्हतं. त्याने ते पाहिलं. त्याच नजरेत तुझी सकाळची रोझरीही होती, आधी-नंतर नव्हे, एकाच वेळी. तुझ्या मुलाला त्याने पाहिलं ते तुझ्या प्रार्थनेसकट पाहिलं.” ती रडली. महिनाभरात प्रथमच रडली, असे तिच्या धाकट्या मुलीने मागाहून सांगितले. तिचे दुःख कमी झाले असा दावा मी करणार नाही. देवानेच आपल्याला फसवले, हे एक ओझे मात्र तिच्या खांद्यावरून उतरले असावे. पुढच्या रविवारी ती मिस्सेला नेहमीच्या जागी होती.

हे ओझे उतरवणारे शब्द माझे नव्हते. ते संत थॉमस यांच्याकडून आले. त्यांच्याकडे ते एका भाषांतरकाराच्या परिश्रमाने आले. आणि त्याच्यापूर्वी साडेसातशे वर्षे ते अलेक्झांड्रियातल्या एका दालनात, आपल्या प्रभूला न मानणाऱ्या एका शिक्षकाने तरुणांना समजावून सांगितले होते. तो शिक्षक त्या वर्षी पळून गेला असता, तर कदाचित अधिक शूर ठरला असता. तो थांबला, वेतन घेत राहिला, शिकवत राहिला. लोकांनी त्याला लोभी म्हटले.

आईच्या कर्जापैकी त्याने किती फेडले, याचा हिशेब देवापाशी आहे. त्याचे आपल्यावर जे ऋण आहे, ते फेडण्याचा मला एकच मार्ग दिसतो : परक्या अंगणातून आलेला प्रकाशही देवाचाच आहे हे ओळखावे, आणि दाराशी प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला, तो कोणत्याही बाजूचा असो, वर्गात बसू द्यावे.